येते हं

संध्याकाळी सहा वाजले की मावशी चपला पायात सरकवायच्या, कडीवर हात ठेवायच्या आणि मान मागे वळवून म्हणायच्या, ‘येते हं.’

मराठीत निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आपण ते इतक्या सवयीनं म्हणतो की त्याचा अर्थ आपल्याच कानावर पडत नाही. मुलांचं तसं नसतं. आमच्या घरात तर पावणेपाच वर्षं तो शब्द अक्षरशः खरा ठरत आला होता. रविवार सोडला तर रोज सकाळी साडेआठला बेल वाजायची, आधी एक लांब, मग एक आखूड, आणि ‘येते’ म्हणून गेलेल्या मावशी आलेल्या असायच्या. थोरली सात महिन्यांची होती तेव्हा त्या तिला सांभाळायला आमच्याकडे येऊ लागल्या. धाकट्याला तर मावशी नसलेलं घर माहीतच नव्हतं.

मग नवऱ्याची बदली झाली. नवं घर गाडीनं तीन तासांवर. मावशींचं स्वतःचं घर, त्यांची माणसं, त्यांचे दुखरे गुडघे, सगळं इथंच. त्यांनी आमच्याबरोबर यावं असं मनात आणणंसुद्धा अन्यायाचं होतं. (मी आणलं होतं. दोन रात्री आणलं होतं.)

सामानाची यादी झाली, नव्या शाळेचं झालं, पत्ता बदलायचे अर्ज झाले. मुलांना सांगायचं तेवढं राहिलं.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, ‘लहान आहेत, आठ दिवसांत विसरतील.’ कुणी म्हणालं, शेवटपर्यंत विषयच काढू नका, उगाच रडारड. कुणी म्हणालं, मुलं खेळात असताना मावशींना हळूच निघून जाऊ दे. सगळे मनापासूनच सांगत होते. पण त्यात सोय होती ती आम्हा मोठ्यांची. हे आज शहाणपणानं लिहितेय. तेव्हा मला सगळंच पटत होतं. नजर चुकवायचा तर मला अनुभवही होता.

आदल्या वर्षीची गोष्ट. मावशी पंधरा दिवसांच्या रजेवर जाणार होत्या. थोरली तेव्हा चार वर्षांची. मी तिला काहीच सांगितलं नाही. सकाळी तिनं विचारलं तेव्हा म्हटलं, ‘बाहेर गेल्यात, येतील आत्ता.’ ते ‘आत्ता’ काही संपेना. ती दाराशी पायपुसण्यावर जाऊन बसायची, पायपुसण्याचे धागे उपटत. तिसऱ्या दिवशी तिनं विचारायचं बंद केलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला, की झालं, विसरली. पंधरा दिवसांनी मावशी आल्या तर ही त्यांच्याजवळ गेलीच नाही. संध्याकाळी गेली, आणि मग महिनाभर त्यांना सोडायला तयार नाही. मावशी बाल्कनीत गेल्या की ही मागे. त्या बाथरूममध्ये गेल्या की ही दाराबाहेर बसून फटीतून विचारायची, ‘आहेस ना?’

रजेनं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं माझ्या ‘आत्ता’नं. मावशी जाणार आहेत आणि अमुक दिवसांनी परत येणार आहेत, हे चार वर्षांच्या मुलीला रडतरडत का होईना पचलं असतं. पण आपण खेळण्यात गुंतलो की आपलं माणूस नाहीसं होऊ शकतं, असं एकदा कळल्यावर ती निवांत खेळणार कशी?

बदलीच्या त्या दिवसांत रात्री मुलं झोपली की मी मिळेल ते वाचत होते. त्यात मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याची एक आठवण सापडली आणि ती काही डोक्यातून जाईना. सिग्मंड फ्रॉइडला लहानपणी एक वयस्क दाई सांभाळायची. तो अडीच वर्षांचा असताना, धाकट्या बहिणीच्या जन्माच्या सुमारास, ती चोरी करताना सापडली. त्याच्या मोठ्या सावत्र भावानं पोलीस बोलावले, तिला कैद झाली. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर एवढंच, की रोजचं माणूस एकाएकी दिसेनासं झालं. पुढे १८९७ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, फ्रॉइड स्वतःचंच लहानपण खणून काढत होता. वर्षानुवर्षं अधूनमधून डोळ्यांसमोर येणाऱ्या एका दृश्याचा त्याला उलगडा होत नव्हता. आपण एका कपाटासमोर उभे राहून आक्रोश करतोय, सावत्र भाऊ कपाट उघडून धरतोय, आणि मग आई बाहेरून येते. हे कपाट कुठलं? त्यानं आईला विचारलं, दाईची हकीकत कळली आणि धागा जुळला. दाई कुठे गेली, असं पोरानं विचारल्यावर भावानं मोठ्यांची थट्टा केली असणार: तिला ‘पेटीत बंद केलंय’. जर्मनमध्ये तो तुरुंगात टाकण्यासाठीचा वाक्प्रचार आहे. अडीच वर्षांच्या पोराला वाक्प्रचार काय कळणार? काही दिवसांनी आई दिसेना तेव्हा तो थेट कपाटाशी गेला. दाईला कोंडलं तसं आईलाही कोंडलं असेल.

फ्रॉइडच्या बाकी सिद्धान्तांतलं बरंचसं मला पटत नाही. हे कपाट मात्र पटलं. आमच्याकडे कपाट नव्हतं, ‘येते’ होतं. शेवटच्या संध्याकाळी मावशी सवयीनं ‘येते हं’ म्हणणार आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला दोन मुलं दाराशी जाऊन उभी राहणार, हे मला समोर दिसायला लागलं.

तर सांगायचं ठरलं. पण कधी? थोरलीला ‘पुढच्या महिन्यात’ कळतं, निदान कळल्याचा आव तरी ती आणते. धाकटा सव्वादोन वर्षांचा. त्याच्या जगात ‘आत्ता’ सोडून दुसरा काळच नाही. त्याला महिनाभर आधी सांगून रोज नव्यानं घाबरवण्यात अर्थ नव्हता, आणि पाच वर्षांच्या मुलीला आदल्या दिवशी सांगणं ही तर सरळ फसवणूक झाली असती. शेवटी थोरलीला दोन आठवडे आधी सांगितलं, मावशींच्या देखत, ती त्यांच्या मांडीवर बसलेली असताना. धाकट्याला शेवटच्या तीन-चार दिवसांत, रोज त्याच शब्दांत.

ते शब्द मी कागदावर लिहून काढले होते. हसाल, पण ऑफिसच्या कुठल्या प्रेझेंटेशनसाठी मी एवढी खाडाखोड केलेली नाही. ‘मावशी आता कामाला येणार नाहीत’ मधलं ‘कामाला’ खोडलं; थोरलीच्या लेखी मावशी कामाला येत नव्हत्या, तिच्याकडे येत होत्या. ‘मावशी दमल्यात’ खोडलं. उद्या मी दमले म्हटलं तर मीही जाणार, असा तिचा हिशेब झाला असता. ‘तू आता मोठी झालीस, तुला कशाला लागते मावशी?’ हे सासूबाईंनी सुचवलेलं वाक्य. तेही खोडलं. मोठं झालं की आपली माणसं काढून घेतात, असं ऐकलं तर कोण मोठं होईल? उरलं ते एवढंच. बाबांचं ऑफिस बदललं. आपण लांबच्या घरी राहायला जाणार. आई, बाबा, तू, धाकटा, सगळे तिथं. मावशी त्यांच्या घरी राहणार, त्या रोज येणार नाहीत. आपण त्यांना भेटायला येऊ.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘माझी निळी उशी येणार?’ मी म्हटलं, येणार. ती मांडीवरून उतरून खेळायला गेली. मी आणि मावशी एकमेकींकडे बघत बसलो.

खरा प्रश्न चार दिवसांनी आला. मी तिचे केस धूत होते, तिचे डोळे घट्ट मिटलेले, डोक्यावर फेस. तशीच म्हणाली, ‘मी मावशीचा चष्मा मोडला म्हणून ना?’

चष्मा मोडून आठ महिने झाले होते. मावशी तेव्हा रागावल्याही नव्हत्या, उलट मोडक्या काडीला दोरा बांधून दोन दिवस तसाच वापरला आणि त्यावरून तिला हसवलं होतं. पण आठ महिने ती गोष्ट तिनं कुठंतरी जपून ठेवली होती. या वयात घरात काहीही बिनसलं की मूळ कारण आपणच, असं मुलांना वाटतं. आईबाबांचं भांडण असो, आजारपण असो, की कुणाचं जाणं. खरं कारण सांगितलं नाही तर त्या जागी ती आपला एखादा गुन्हा ठेवतात. सांगितलं तरी ठेवतात, म्हणून एकदा सांगून भागत नाही. दुसऱ्या दिवशी मावशींनी आपला नवा चष्मा काढून तिच्याच नाकावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘हा बघ नवा. जुन्याचं मला काहीच नाही. बाबांचं ऑफिस बदललं म्हणून तुम्ही निघालात.’ हे वाक्य तिनं त्या दिवसभरात त्यांच्याकडून पाच-सहा वेळा वदवून घेतलं. प्रत्येक वेळी चष्मा घालून.

दिवस मोजायला आम्ही रंगीत कागदाच्या पट्ट्यांची साखळी केली, चौदा कड्यांची. रोज रात्री एक कडी तोडायची. कल्पना माझी, त्यामुळे मला तिचा अभिमानही होता. बारा उरल्या, अकरा उरल्या, दहा उरल्या. एका सकाळी बघते तर साखळी परत बारा कड्यांची, आणि भिंतीला सगळा डिंक. बाईसाहेबांनी पहाटे कधीतरी उठून दोन कड्या जोडल्या होत्या.

मी त्या काढल्या नाहीत. तिला एवढं सांगितलं, की कड्या कितीही जोडल्या तरी निघायचा दिवस तोच राहणार. ‘माहितीये,’ ती म्हणाली. शेवटच्या दिवशी त्या दोन्ही तशाच लटकत होत्या. तिनं त्या सोडवून मावशींना दिल्या आणि मावशींनी चपट्या करून पाकिटात ठेवल्या.

या सगळ्यात मी फार समजूतदार आई होते असं चित्र उभं राहत असेल तर ते खोटं आहे. धाकट्याला एकदा रात्री सणकून ताप होता. मी त्याला कुशीत घेऊन बसले होते आणि तो ग्लानीत ‘माशी, माशी’ करत होता. त्याला ‘मावशी’ म्हणता यायचं नाही. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण ज्या कुणी केली त्याचा मी त्या रात्री मनातल्या मनात बराच उद्धार केला. त्यामुळे मावशी सुटणार म्हटल्यावर मला जे वाईट वाटलं त्याच्या अगदी तळाशी थोडं सुटल्यासारखंही होतं. आता तरी हा मला हाक मारेल. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण ‘आठ दिवसांत विसरतील’ असं आपण ज्या घाईनं म्हणतो, त्या घाईत हे असतंच असतं. त्यांनी विसरावं, ही आपली गरज असते.

जॉन बोल्बी हा मानसोपचारतज्ज्ञ १९०७ मध्ये लंडनच्या एका सर्जनच्या घरी जन्मला. त्या घरात आई दिवसातून तासभर भेटायची, बाकी सगळं दायांच्या हाती. त्याची लाडकी दाई तो चारेक वर्षांचा असताना काम सोडून गेली. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाबद्दलची ‘अटॅचमेंट थिअरी’ पुढे त्यानंच मांडली, आणि एखाद्या मुलाला सर्वस्वी दाईनं वाढवलं आणि ते दोन-चार वर्षांचं असताना ती निघून गेली, तर मुलासाठी ते जवळपास आई जाण्याइतकंच मोठं असू शकतं, असंही त्यानं म्हणून ठेवलंय. बोल्बीवर माझा जुना राग आहे. त्याचं नाव घेऊन नोकरी करणाऱ्या आयांना पुष्कळ बोल लावले गेलेत. पण ज्या नात्याला आम्ही सगळे ‘आठ दिवसांचं’ म्हणत होतो त्याला त्यानं नातं म्हटलं, हे मी त्याच्या खात्यात जमा केलं. माझ्या मत्सरावर मात्र औषध मिळालं ते दुसरीकडे. शाफर आणि एमर्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी ग्लासगोमधल्या ६० बाळांचा मागोवा घेतला होता, तो १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षाची होईतो त्यातल्या बहुतेक बाळांचा जीव एकाहून अधिक माणसांवर जडलेला होता. म्हणजे धाकट्याचा जीव काही एवढ्याशा वाटीत नव्हता, की मावशींना दिला तर मला उरणार नाही.

मावशींचं दुःख तर कुणाच्याच यादीत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात त्या एकाच ढिगातल्या कपड्यांच्या तीन-तीनदा घड्या घालत होत्या. धाकट्याच्या आखूड झालेल्या कपड्यांमधून त्यांनी एक मोजा मागून घेतला. मी जोडी देऊ लागले तर म्हणाल्या, ‘एकच पुरे.’ मग खूप वेळानं, ‘घरी विचारतात, का गं रडतेस? काय सांगू? काम सुटलं म्हणून? कामं काय, मिळतात.’

त्याच आठवड्यात थोरली त्यांच्याशी दुष्टासारखी वागायला लागली. त्यांनी केस विंचरायला घेतले की फणी हिसकायची. ‘तू जा ना तुझ्या घरी, आत्ताच जा.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी तिला रागावले. मावशींनी मलाच थांबवलं. ‘बोलू नका तिला. तिला मला सोडायचंय. आधी भांडण नको का काढायला?’ एवढं मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी त्यांनी मला हळूच विचारलं, ‘जाताना काय म्हणू हो मी?’ म्हणजे ‘येते’ हा शब्द त्यांनाही टोचत होता. आम्ही दोघींनी बसून ठरवलं. खाली बसून, मुलांच्या डोळ्यांत बघून म्हणायचं: आज मी माझ्या घरी चाललेय. उद्या सकाळी मी येणार नाही. तुम्ही मला भेटायला येणार आहात. मला तुमची आठवण येईल. मावशींनी ते पाठ केलं. भांडी आवरताना त्यांचे ओठ हलताना मी पाहिलेत.

त्या संध्याकाळी त्या दाराशी खाली बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांवर. दोघांना जवळ घेतलं. पहिली तीन वाक्यं नीट झाली. चौथ्याला आवाज फुटेना. मग त्या उठल्या, चपला सरकवल्या, कडीवर हात ठेवला, आणि पावणेपाच वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, ‘येते हं.’

‘येते नाही,’ थोरली ओरडली. ‘तू उद्या येणार नाहीयेस!’

‘नाही गं बाई,’ मावशी म्हणाल्या. ‘उद्या नाही येणार.’

आणि मग ती रडली. इतके दिवस न रडलेली पोर जमिनीवर आडवी पडून रडली, ती रडते म्हणून धाकटा रडला, मावशी दाराला टेकून रडल्या आणि मीही. ज्या रडारडीला सगळे घाबरत होते ती झाली. अर्धा तास चालली असेल. कुणाला काही झालं नाही.

नव्या घरी पहिले दोन आठवडे मुलं इतकी शहाण्यासारखी वागली की मला फोनवर सगळ्यांना सांगायचा मोह आवरेना. धाकटा सकाळी दाराकडे बघायचा, तेवढंच. सगळे म्हणाले, बघ, म्हटलं नव्हतं?

इथे मला रॉबर्टसनची आठवण झाली. जेम्स रॉबर्टसन युद्धाच्या काळात लंडनमध्ये अ‍ॅना फ्रॉइडच्या (सिग्मंड फ्रॉइडची मुलगी) पाळणाघरात बॉयलर सांभाळायचा. तिथली शिस्त अशी होती की मुलांबद्दल जे दिसेल ते प्रत्येकानं कार्डावर लिहायचं, बॉयलरवाल्यानंसुद्धा. बघायची ती सवय त्याला आयुष्यभर पुरली. १९५२ मध्ये त्यानं इस्पितळात आठ दिवस एकटी राहिलेल्या अडीच वर्षांच्या एका मुलीचं चित्रण लोकांसमोर आणलं. तेव्हा इंग्लंडमध्ये दाखल मुलांना आईवडिलांनी फारसं भेटू नये असा नियम असायचा, कारण भेटून गेल्यावर मुलं रडतात. ही मुलगी फारशी रडत नव्हती, म्हणून शहाणी. रॉबर्टसननं दाखवलं ते असं, की ती रडणं दाबत होती. आणि शेवटी आई न्यायला आली तेव्हा तिनं आईचा हातही धरला नाही. आधी आकांत, मग हताशा, मग अलिप्तपणा, असे टप्पे त्यानं आणि बोल्बीनं मांडले. डॉक्टर त्याच्यावर भडकले. पण १९५९ मध्ये सरकारनं नेमलेल्या प्लॅट समितीनंच सांगितलं की आईवडिलांना मोकळेपणानं भेटू द्या.

आमच्या मुलांचं दुःख त्या मुलीएवढं नव्हतं, आम्ही दोघं जवळ होतो, तेव्हा उगाच तुलना नको. तरी पायपुसण्यावर बसून तिसऱ्या दिवशी प्रश्न थांबवणारी थोरली मला आठवली, आणि मी फोनवर बढाया मारणं बंद केलं.

तिसऱ्या आठवड्यात बांध फुटला. थोरलीचं अंथरूण तीन रात्री ओलं झालं, दोन वर्षांनी. मी तिचे केस विंचरत होते तर म्हणाली, ‘तू मावशीसारखा भांग पाडू नकोस.’ बरं, म्हणून मी दुसरा पाडला, तर त्यावर रडली, की हा मावशीसारखा नाही. धाकटा मला चावला. मग मी आधीच करायला हवं होतं ते केलं. मावशींचे दोन फोटो मुलांच्या उंचीवर लावले, कारण इतके दिवस ते माझ्या उंचीवर होते. त्यांनी वापरलेली एक जुनी चादर मी न धुता आणली होती, ती बाहेर काढली. आणि त्यांचं नाव घ्यायला लागले. दोन आठवडे मी नाव टाळत होते, मुलांना आठवण नको म्हणून. मुलं टाळत होती, मला आवडणार नाही म्हणून. जेवताना मी सहज म्हटलं, ‘मावशी असत्या तर आत्ता काय म्हणाल्या असत्या?’ आणि थोरलीनं पुढची वीस मिनिटं मावशींच्या आवाजात आम्हा सगळ्यांना रागावून घेतलं.

व्हिडिओ कॉलचं मात्र आमच्याकडे जमलं नाही. थोरलीला पडद्यावरच्या मावशींसमोर काय बोलावं सुचेना, आणि धाकटा फोनच्या मागे जाऊन बघायचा. झोपायच्या वेळी कॉल केला तर रात्रीचं खोबरं. सकाळी, उजेडात, पाच मिनिटं, आणि तेही थोरलीनं मागितलं तर, असं करत त्याची घडी बसली.

आता नवी ताई येते सांभाळायला. तिच्याशी मी केलेली चूक सांगते. मावशी धाकट्याला बूट घालताना आधी डावा घालायच्या आणि टाचेवर दोनदा टिचकी मारून म्हणायच्या, ‘टकटक, कोण आहे घरात?’ तो म्हणायचा, ‘मी!’ मी ताईला हे सगळं शिकवलं, टिचकीसकट, मुलाला परकं वाटू नये म्हणून. तिनं बिचारीनं तसंच केलं. धाकट्यानं पाय मागे घेतला, बूट काढला आणि तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं काही चोरलंय. नंतर ताईनं आपलंच काहीतरी सुरू केलं. ती बुटाला फोन समजून त्यात बोलते. तो आता चालतो त्याला. ती टिचकी मावशींची होती, मी ती दुसऱ्या कुणाला द्यायला नको होती.

सातव्या आठवड्यात आम्ही मावशींकडे गेलो. गाडीत थोरलीची अखंड बडबड. दार उघडलं तशी ती मावशींना चिकटली ती चिकटलीच. धाकटा माझ्या पायांमागे. मावशींनी हाक मारली तर तोंड फिरवलं. मावशींचा चेहरा पाहवेना. मला वाटलं, झालं, खरंच विसरला. पण मावशींनी त्याला पुन्हा हाक मारली नाही, ओढून घेतलं नाही. त्या जमिनीवर बसल्या आणि माझ्याशी बोलत राहिल्या, गुडघ्यांबद्दल, नव्या कामाबद्दल. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. धाकटा दाराशी गेला, आपला डावा बूट उचलून आणला, त्यांच्या मांडीवर टाकला आणि पाय पुढे केला.

‘टकटक,’ मावशी म्हणाल्या. पुढचं त्यांना म्हणता आलं नाही.

‘मी,’ तो म्हणाला.

निघताना थोरली दाराशी थांबली. सँडल घातलेली, हात कडीवर. मग वळून मला विचारलं, ‘आपण परत कधी येणार? नक्की सांग.’ मी म्हटलं, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. मग ती मावशींना म्हणाली, ‘येते हं.’

धाकटा माझ्या कडेवर होता. त्यानंही हात हलवला आणि म्हणाला, ‘येते.’ ‘येतो’ म्हण रे, असं मी सांगणार होते. पण त्यानं तो शब्द मावशींकडूनच घेतलाय.